गावच्या बंद घराला कॅमेरे बसवताना

कोकणात अशी असंख्य घरे आहेत जी गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात आणि एरवी कुलपात असतात. घरातली माणसे मुंबई, ठाणे, पुण्याला किंवा परदेशात असतात. शेजारचे कोणीतरी अधूनमधून फेरी मारून जाते, तेवढाच घराला माणसाचा वावर. अशा घराला कॅमेरे बसवून ते दुरून मोबाइलवर पाहण्याची इच्छा आता बहुतेकांना होते आणि ती रास्त आहे. मात्र शहरातल्या सदनिकेत चालून जाणारी व्यवस्था बंद घरात टिकत नाही, कारण तेथे राउटर अडकला तर तो बंद करून पुन्हा चालू करायलाही कोणी नसते. हा लेख ज्यांनी आजवर कॅमेरे बसवलेले नाहीत त्यांच्यासाठी आहे आणि त्यात प्रत्येक निर्णय घेताना दोन प्रश्न समोर ठेवले आहेत. चित्रात आलेला अनोळखी माणूस चेहऱ्यावरून ओळखता येईल का? आणि घरात कोणी नसताना ही व्यवस्था आपली आपण चालू राहील का?

पहिली पायरी: घराचा नकाशा आणि कॅमेऱ्यांच्या जागा

खरेदीला जाण्यापूर्वी एका कागदावर घर काढावे. गडगा (आवाराची दगडी भिंत), बेडे (आवाराचे फाटक), खळे (पुढचे अंगण), पडवी, पुढचे दार, मागीलदार, विहीर आणि गोठा किंवा मांगर असेल तर तोही दाखवावा. त्यावर माणूस घराकडे ज्या वाटांनी येऊ शकतो त्या रेघांनी काढाव्यात. बहुतेक घरांना चार कॅमेरे पुरतात: एक बेड्याकडे, एक पडवीत पुढच्या दारावर, एक मागीलदारी आणि एक खळ्याचा किंवा परसाचा मोठा भाग दाखवणारा. कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्याआधी आहेत त्यांच्या जागा नेमक्या आहेत का हे पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

येथे भिंगाचा, म्हणजे लेन्सचा विचार करावा लागतो आणि नवख्यांची सर्वाधिक निराशा याच ठिकाणी होते. बाजारात सर्रास मिळणारा २.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा साधारण १०० ते ११० अंशांचा रुंद भाग दाखवतो. एका कॅमेऱ्यात सगळे अंगण आले म्हणून समाधान वाटते, परंतु जितका भाग रुंद, तितका प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला येणारा तपशील कमी. कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची असेल तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत, आणि ओळखीचा माणूस ओळखण्यापुरते १२५ पिक्सेल हवेत. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. त्यामुळे ओळख पटण्यासाठी दृश्य सुमारे साडेसात मीटरपेक्षा रुंद असून चालत नाही. २.८ मिलिमीटरच्या लेन्सने ही मर्यादा कॅमेऱ्यापासून सुमारे तीन मीटरवरच संपते, ३.६ मिलिमीटरने ती चार मीटरच्या आसपास जाते आणि ६ मिलिमीटरने आठ मीटरपर्यंत पोहोचते.

हे आकडे चांगल्या उजेडातले आहेत, रात्री यापेक्षा कमीच धरावेत. तरी त्यांवरून नेमके काय घ्यायचे ते ठरते. पडवीच्या वाशाला लावून दारावर रोखायचा कॅमेरा दारापासून दोन-तीन मीटरच दूर असतो, तेथे २.८ मिलिमीटर उत्तम. बेडे घरापासून आठ-दहा मीटरवर असेल आणि कॅमेरा घराच्या भिंतीवर असेल, तर तेथे ६ मिलिमीटर लेन्सचा आणि चार मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा. खळ्याचा सर्वसाधारण देखावा दाखवणाऱ्या कॅमेऱ्याकडून मात्र चेहऱ्याची अपेक्षा ठेवू नये, त्याचे काम कोण कुठून आले आणि कुठे गेले एवढे दाखवण्याचे.

उंचीबाबतही असेच. चोराचा हात पोहोचू नये म्हणून कॅमेरा चार-पाच मीटर उंच लावला, तर चित्रात फक्त डोक्याची टाळू किंवा टोपी येते. सर्वसाधारण कॅमेरे अडीच ते तीन मीटरवर आणि दारावरचा कॅमेरा त्याहून थोडा खाली ठेवावा. पश्चिमेकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याला संध्याकाळचे ऊन थेट लागते आणि दोन-तीन तास चित्र पांढरे पडते. शक्य असेल तर कॅमेऱ्याचे तोंड फिरवावे, नसेल तर उजेड-सावलीतला मोठा फरक सांभाळणारी डब्ल्यूडीआर सोय त्यात असल्याची खात्री करावी. अंधाऱ्या पडवीतून उजळ अंगणाकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यालाही ही सोय लागतेच.

दुसरी पायरी: कोणत्या प्रकारचे कॅमेरे

तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वाय-फाय कॅमेरे, ज्यांना फक्त विजेची तार लागते आणि चित्रे आतल्या मेमरी कार्डावर साठतात. एखाद्या सदनिकेच्या दारासाठी हे पुरेसे असतात. जांभ्याच्या जाड चिऱ्यांच्या घरात मात्र माजघरातल्या राउटरचा सिग्नल बेड्यापर्यंत धडपणे पोहोचत नाही आणि कॅमेरा उचकटून नेला की त्यातले कार्डही त्याच्याबरोबर जाते.

दुसरा मार्ग ॲनालॉग एचडी कॅमेऱ्यांचा आणि त्यांच्या डीव्हीआरचा, म्हणजे चित्रे साठवणाऱ्या रेकॉर्डरचा. यात थ्री प्लस वन केबल वापरतात. तिच्यात चित्रासाठी एक कोॲक्सियल तार आणि वीज व आवाजासाठी तीन बारीक तारा असतात, टोकांना चित्रासाठी बीएनसी जोड आणि विजेसाठी डीसी पिन लागते, आणि सगळ्या कॅमेऱ्यांना एसएमपीएस या १२ व्होल्टच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून वीज मिळते. तिसरा मार्ग संगणकासारखे नेटवर्कला जोडायच्या आयपी कॅमेऱ्यांचा आणि एनव्हीआर या त्यांच्या रेकॉर्डरचा. यात कॅट सिक्स केबलच्या एकाच तारेतून चित्र आणि वीज दोन्ही जातात. या पद्धतीला पीओई म्हणतात आणि अशी तार १०० मीटरपर्यंत चालते.

नवीनच काम असेल तर मी पीओई पद्धतीचा सल्ला देईन, कारण तारा कमी, चित्र चांगले आणि विजेच्या तक्रारी कमी. परंतु याहून महत्त्वाची एक कसोटी आहे: तुमच्या तालुक्याच्या गावातला तंत्रज्ञ कोणती पद्धत दुरुस्त करू शकतो? जुलैच्या पावसात कॅमेरा बंद पडला तर तोच घरी जाणार आहे. त्याचा हात ॲनालॉगवर बसलेला असेल, तर ॲनालॉग घेण्यात काहीही कमीपणा नाही.

खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेलेच मॉडेल घ्यावे. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ रोजी अधिसूचना काढून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या अत्यावश्यक अटी घातल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या अमलात आल्या आहेत. दुकानदाराकडे जुना, नाव नसलेला माल स्वस्तात मिळत असेल, तरी इंटरनेटला जोडायच्या वस्तूबाबत तो मोह टाळावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर एकत्र वापरायचे असतील तर दोन्ही ओएनव्हीआयएफ या सामायिक पद्धतीला मानणारे आहेत ना, हे खोक्यावर पाहून घ्यावे.

तिसरी पायरी: तारा, वीज आणि पाऊस

कोकणात या पायरीला जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. त्यात साधा रॉवल प्लग ठोकला तर सुरुवातीला घट्ट वाटतो, पण दोन पावसाळ्यांत ढिला होतो आणि कॅमेरा मान टाकतो. म्हणून लांब स्क्रू आणि लांब प्लग वापरावेत, भोकात आधी सिमेंटचा घट्ट माल भरावा आणि तो वाळल्यावर पुन्हा भोक पाडावे. लाकडी वासा किंवा खांब जवळ असेल तर कॅमेरा त्यावरच लावणे अधिक चांगले.

प्रत्येक कॅमेऱ्यामागे प्लास्टिकची जंक्शन पेटी बसवून जोड तिच्या आत ठेवावेत. खारे वारे असलेल्या किनाऱ्यालगतच्या गावांत उघडा बीएनसी जोड वर्षभरात हिरवा पडतो. पेटीत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून वाहत आलेले पाणी पेटीत न जाता झोळाच्या टोकावरून खाली ठिबकेल. कॅमेरा पाणी-धुळीला दाद न देणाऱ्या आयपी ६६ किंवा आयपी ६७ दर्जाचा असला तरी तो पागोळ्यांच्या थेट धारेत न लावता वळचणीच्या आत घ्यावा. माळ्यावरून जाणाऱ्या तारा पीव्हीसी पाइपातूनच न्याव्यात, कारण बंद घरात उंदरांना मोकळे रान असते.

ॲनालॉग पद्धतीत एक तक्रार इतकी सर्रास येते की तिचे कारण आधीच माहीत असावे. कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि अंधार पडल्यावर पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. अंधार पडताच त्याचे रात्री दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. ४० मीटरच्या बारीक तारेत १२ व्होल्टपैकी दोन-तीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि उरलेल्या दाबावर कॅमेरा तग धरू शकत नाही. लांबच्या कॅमेऱ्यासाठी विजेची वेगळी जाड तार टाकावी किंवा त्याचा वीजपुरवठा त्याच्या जवळच्या खोलीतून घ्यावा. केबल घेताना तार शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे स्पष्ट विचारावे. दुसरी स्वस्त असते, पण हाच त्रास वाढवते. पीओईमध्ये वीज जास्त दाबाने आणि कमी प्रवाहाने जात असल्यामुळे ही अडचण सहसा येत नाही.

वीज जाण्याचा विचार तर अनिवार्यच. चार कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर आणि फायबरची पेटी मिळून साधारण ४० ते ५० वॉट लागतात. संगणकाचा छोटा यूपीएस हा भार फार वेळ पेलत नाही. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर हाच भार रात्रभर सहज वाहतो, मात्र त्यावर फ्रिज किंवा पंखे चालू ठेवून येऊ नये. फायबरची पेटी आणि राउटर बॅटरीवर जोडलेले नसतील तर चित्रीकरण चालू राहील, पण नेमक्या वीज गेलेल्या रात्री तुम्हाला काहीच दिसणार नाही. इन्व्हर्टर घेताना आणखी एक गोष्ट करून पाहावी: बॅटरी पूर्ण उतरल्यानंतर वीज आली की तो स्वतःहून चालू होतो, की त्याचे बटण दाबावे लागते? बंद घरात बटण दाबायला कोणी नसते.

वीज कडाडते त्या दिवसांसाठी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि मुख्य फळीवर विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवावा. बेड्यापर्यंत उघड्यावरून गेलेली लांब तांब्याची तार विजेचा झटका थेट रेकॉर्डरपर्यंत आणू शकते. म्हणून ती जमिनीखालून पाइपातून न्यावी आणि तिच्यावरही वेगळा सर्ज प्रोटेक्टर लावावा.

चौथी पायरी: रेकॉर्डर आणि साठवण

रेकॉर्डर दिसेल अशा जागी, दूरदर्शन संचाशेजारी ठेवण्याची पद्धत आहे. चोरटे जाताना तो काढून नेतात, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. तो आतल्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात ठेवावा, कपाटाला हवा जाण्यासाठी जाळी असावी. कौलांखालचा माळा लपवायला सोयीचा वाटतो, पण एप्रिल-मेमध्ये तेथे एवढी उष्णता होते की हार्ड डिस्कचे आयुष्य घटते. पावसाळ्यातल्या दमटपणासाठी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दर वेळी गावी गेल्यावर बदलाव्यात.

डिस्क किती मोठी हवी हे सोप्या गणिताने काढता येते. चित्रे आकसून साठवण्याच्या एच २६५ पद्धतीने दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएस दराने चित्रे साठवतो, म्हणजे तासाला सुमारे ९०० एमबी आणि दिवसाला साडेएकवीस जीबी. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबीच्या आसपास होतात. या हिशेबाने १ टीबीची डिस्क सुमारे ११ दिवसांत भरते आणि मग जुने पुसून नवे साठू लागते. जुनी एच २६४ पद्धत वापरली तर जागा जवळपास दुप्पट लागते. शहरातल्या राहत्या घराला ११ दिवस पुष्कळ झाले. बंद घरात मात्र झालेली चोरी महिन्याने लक्षात येऊ शकते, म्हणून ४ टीबीची, म्हणजे सुमारे दीड महिना पुरणारी डिस्क घ्यावी. ती सीसीटीव्हीसाठी खास बनवलेलीच असावी, कारण संगणकाची साधी डिस्क रात्रंदिवस अखंड लिहिण्यासाठी केलेली नसते.

हालचाल झाली तरच चित्रित करण्याची सोय जागा वाचवते, पण दार आणि बेडे यांचे चित्रीकरण मी अखंडच ठेवतो. हालचाल ओळखण्यात यंत्र चुकले, तर नेमका तोच क्षण हातून जातो. परसाच्या कॅमेऱ्याला हालचालीपुरते चित्रीकरण चालेल.

पाचवी पायरी: सगळे आधी टेबलावर जोडून पाहा

शिडी लावण्यापूर्वी सर्व कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर एका टेबलावर जोडून चालू करावेत. सदोष कॅमेरा जमिनीवर असतानाच बदलणे किती सोपे, हे एकदा शिडीवर चढून पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. रेकॉर्डर प्रथम चालू होताच तो पासवर्ड विचारतो. येथे घराचे नाव, गावाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक टाकू नये. किमान बारा अक्षरांचा, अन्यत्र कोठेही न वापरलेला पासवर्ड ठेवावा, तो कागदावर लिहून शहरातल्या घरी ठेवावा आणि विसरल्यास परत मिळवण्यासाठी स्वतःचा ईमेल नोंदवावा.

पासवर्डबद्दलचा हा आग्रह उगाच नाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच जोरावर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला होऊन अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मालकांना आपल्या घरातले यंत्र त्या हल्ल्यात वापरले जात आहे याची कल्पनाही नव्हती.

त्यानंतर डिस्क फॉरमॅट करावी, टाइम झोन +५:३० करून वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सोय चालू करावी, चित्रपद्धत एच २६५ निवडावी आणि प्रत्येक कॅमेऱ्याला ‘बेडे’, ‘पडवी’, ‘मागीलदार’ अशी नावे द्यावीत. वेळ बरोबर असणे पुराव्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते. वीज गेल्यावर घड्याळ मागे पडत असेल तर रेकॉर्डरमधली नाण्याएवढी बॅटरी बदलावी. शेवटी मुख्य बटण बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करावे आणि काहीही न दाबता चित्रीकरण सुरू होते का, ते पाहावे.

सहावी पायरी: इंटरनेट आणि दुरून पाहणे

गावात फायबर आले असेल तर तेच घ्यावे. नसेल तर सिम कार्ड घालायचा फोरजी राउटर चालतो, पण घरात नेमक्या ज्या जागी तो ठेवायचा आहे तेथे मोबाइल धरून कोणत्या कंपनीचा सिग्नल भरवशाचा आहे ते आधी पाहावे. सिमवर माहितीचा हिशेबही ठेवावा लागतो. कॅमेऱ्याचे मुख्य चित्र तासभर पाहिले तर ९०० एमबी जातात. कमी दर्जाच्या दुय्यम चित्राला, ज्याला सब स्ट्रीम म्हणतात, ५१२ केबीपीएस दराने तासाला २३० एमबी पुरतात. ॲपमध्ये सब स्ट्रीमच कायम ठेवावा आणि काही संशयास्पद दिसले तरच मुख्य चित्र उघडावे. चारही कॅमेऱ्यांचे चित्रीकरण क्लाउडवर सतत पाठवण्याचा बेत सिमवर शक्यच नाही. रिचार्जची मुदत संपली की दुरून दिसणे थांबते, म्हणून वार्षिक रिचार्ज घ्यावा आणि त्याची तारीख मोबाइलच्या दिनदर्शिकेत टाकावी.

दुरून जोडण्याचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला आणि नवख्यांसाठी योग्य प्रकार पीटूपीचा. रेकॉर्डर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला आपली हजेरी देतो. तुम्ही कंपनीचे ॲप उतरवून खाते उघडता, रेकॉर्डरवरचा क्यूआर कोड स्कॅन करता आणि तो सर्व्हर तुमच्या मोबाइलची व रेकॉर्डरची गाठ घालून देतो. राउटरमध्ये काहीही बदलावे लागत नाही. यात कंपनीच्या सर्व्हरवर विश्वास ठेवावा लागतो, म्हणूनच नोंदणी असलेली आणि फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतली प्रणाली, नियमित सुधारणारी कंपनी निवडण्याचे महत्त्व.

दुसरा प्रकार पोर्ट फॉरवर्डिंगचा, ज्यात राउटरमध्ये रेकॉर्डरसाठी बाहेरून थेट वाट उघडतात. जुने तंत्रज्ञ अजूनही तो सुचवतात, पण तो करू नये. उघडलेली वाट जगभर शोध घेणाऱ्या यंत्रणांना काही तासांत सापडते. शिवाय मोबाइल सिमवर आणि अनेक फायबर जोडण्यांवर तो चालतच नाही, कारण कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. राउटरच्या माहितीच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला क्रमांक, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमची जोडणी याच प्रकारची आहे असे समजावे. राउटरमधील यूपीएनपी ही सोयही बंद ठेवावी, कारण ती न विचारता अशा वाटा उघडू शकते.

तिसरा प्रकार व्हीपीएनचा, म्हणजे मोबाइल आणि गावचे घर यांच्यात स्वतःचा कुलूपबंद बोगदा काढण्याचा. हा सर्वांत सुरक्षित आहे, पण त्यासाठी घरात तो चालवणारा राउटर किंवा छोटा संगणक लागतो आणि थोडे तांत्रिक ज्ञान लागते. कुटुंबात संगणकाचे जाणते कोणी असेल तर त्यांच्याकडून जरूर करून घ्यावा.

जोडणी झाल्यावर तंत्रज्ञ घरात असतानाच मोबाइलचे वाय-फाय बंद करून, फक्त मोबाइल डेटावर ॲप उघडावे. वाय-फायवर दिसलेले चित्र हे दुरून दिसण्याचा पुरावा नव्हे, कारण त्या वेळी मोबाइल आणि रेकॉर्डर एकाच राउटरला जोडलेले असतात. थेट चित्र, कालचे चित्रीकरण आणि एका मिनिटाचा तुकडा मोबाइलवर उतरवणे, या तिन्ही गोष्टी करून पाहाव्यात.

खाते कोणाच्या नावावर आहे हे येथेच पक्के करावे. घाईत तंत्रज्ञ स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खात्यात रेकॉर्डर नोंदवतो आणि मग तुम्हाला पाहण्याची परवानगी पाठवतो. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो, पण तुमच्या घराचे दृश्य कायमचे दुसऱ्याच्या हाती राहते. मुख्य खाते घरातल्याच व्यक्तीचे असावे, त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी आणि भावंडांना किंवा मुलांना ॲपमधून फक्त पाहण्यापुरती परवानगी द्यावी. तंत्रज्ञ निघताना त्याच्या समोरच रेकॉर्डरचा पासवर्ड बदलावा. हा अविश्वास नव्हे, नवे कुलूप घेतल्यावर सर्व किल्ल्या आपण ताब्यात घेतो त्यातलाच हा प्रकार.

सातवी पायरी: सूचना आणि शेजार

हालचालीच्या सर्व सूचना चालू ठेवल्या तर आंब्याची फांदी हलली तरी मोबाइल वाजतो आणि चार दिवसांत माणूस सूचना पाहणेच सोडून देतो. म्हणून माणूस ओळखणारी सोय असेल तर तीच चालू करावी, चित्रातला झाडांचा आणि रस्त्याचा भाग वगळावा आणि सूचना बेडे व दार यांपुरत्याच ठेवाव्यात. कोळ्याची जाळी हे रात्रीच्या खोट्या सूचनांचे फार मोठे कारण आहे. भिंगासमोरचा एक धागा इन्फ्रारेड उजेडात पांढराशुभ्र चमकतो आणि वाऱ्याने हलत राहतो.

इंटरनेट बंद झाले की रेकॉर्डर तुम्हाला तसे कळवू शकत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. म्हणून रोज सकाळी एकदा ॲप उघडून चारही चित्रे दिसतात ना, हे पाहण्याची सवय लावावी. राउटर अडकल्यास शेजारच्या काकांना मदत मागावी लागते. त्यासाठी राउटरच्या पिनेला लाल चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे फोनवर ‘काका, लाल पट्टीची पिन काढा आणि दोन मिनिटांनी परत लावा’ एवढे सांगणे पुरते. काही विपरीत दिसले तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, पण तो परदेशातून आपल्याकडे लागत नाही. तेव्हा आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा आणि पोलीस पाटलांचा क्रमांक देशाच्या कोडसह जतन करावा.

कॅमेऱ्याच्या टप्प्यात शेजाऱ्यांचे अंगण, न्हाणीघर किंवा खिडकी येत असेल तर कॅमेऱ्याची दिशा बदलावी, किंवा प्रायव्हसी मास्क या सोयीने तो भाग काळा करावा. ज्यांच्या भरवशावर घर आहे त्यांनाच आपण टेहळतो आहोत असे वाटता कामा नये. वडिलोपार्जित घर भाऊबंदांत सामायिक असेल तर सर्वांना विचारूनच काम करावे. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने एका सामायिक घराच्या वादात, सहनिवाशांच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे चालवणे हा त्यांच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग असल्याचे म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गणपतीत घर माणसांनी भरते, त्या दिवसांत घराच्या आत रोखलेला एखादा कॅमेरा असलाच तर तो बंद ठेवावा.

आठवी पायरी: घटना घडली तर

प्रथम ते चित्रीकरण पुसले जाणार नाही याची तजवीज करावी. बहुतेक रेकॉर्डरमध्ये ठरावीक वेळेचा भाग कुलूपबंद करता येतो. मग ॲपमधून तो भाग उतरवून घ्यावा, दहा मिनिटांचा तुकडा साधारण १५० एमबीचा होतो. पडद्यावर चालू असलेल्या चित्राचे मोबाइलने केलेले चित्रण पोलिसांना लगेच दाखवायला ठीक आहे, पण पुरावा म्हणून मूळ फाइलच हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यात बदल झाला नसल्याचे दाखवणारी अंकांची व अक्षरांची खूण, नोंदवावी लागते. म्हणून फाइल कापू नये, तिचे नाव बदलू नये, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत हीच मूळ समजू नये. पोलिसांनी पंचनामा करेपर्यंत रेकॉर्डरला कोणाचाही हात लागू देऊ नये.

देखभाल

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीला, घरी गेल्यावर भिंगे मऊ सुती कापडाने पुसावीत, जाळी काढावीत, जंक्शन पेट्या उघडून मुंग्यांची वारुळे आणि गंज पाहावा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी भरावे आणि रेकॉर्डरचे फर्मवेअर अद्ययावत करावे. रेकॉर्डरमध्ये आठवड्यातून एकदा आपोआप बंद होऊन चालू होण्याची सोय असेल तर ती एखाद्या दुपारच्या वेळेला लावावी. घर सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी मुख्य वीज एकदा पूर्ण बंद करून व्यवस्था बॅटरीवर चालते का ते पाहावे. अंधार पडल्यावर घरातल्या एकाला बेड्यापासून दारापर्यंत चालायला सांगावे आणि दुसऱ्याने गडग्याबाहेर, मोबाइल डेटावर, त्याचा चेहरा ओळखता येतो का ते तपासावे. ओळखता येत नसेल तर शिडी काढून कॅमेऱ्याचा कोन त्याच दिवशी बदलावा, कारण त्यानंतर पुढच्या सुट्टीपर्यंत ती संधी मिळत नाही.